सहा मीटरांची बेवारस मिळकत

मुंबईच्या वा पुण्याच्या कोणत्याही सहकारी गृहनिर्माण संस्थेच्या आवारात, फाटकापासून इमारतीच्या मागील भिंतीपर्यंत, जी एक रुंद, सपाट आणि वरकरणी निरुद्योगी भासणारी भूमी पसरलेली असते, ती नेमकी कोणाची, असा प्रश्न एखाद्या तिऱ्हाइताने तेथील सभासदांस विचारला, तर तळमजल्याचे रहिवासी ती आपल्या खिडकीखाली येते म्हणून आपली असल्याचे सांगतील. मोटारवाले ती आपल्या मोटारीस बरोबर पुरते म्हणून तिच्यावर हक्क सांगतील. ज्येष्ठ नागरिक संध्याकाळच्या वाऱ्याच्या दिशेचा दाखला देतील. मुले भिंतीवर यष्ट्या म्हणून कोळशाने ओढलेल्या तीन रेघांकडे बोट दाखवतील. आणि सेक्रेटरी, त्या पदास आवश्यक असलेल्या गांभीर्याने, हा विषय सर्वसाधारण सभेपुढे विचाराधीन असल्याचे उत्तर देतील. दावेदारांच्या या लांबलचक यादीत एक नाव मात्र सहसा आढळत नाही. ज्याच्यासाठी कायद्याने ही भूमी राखून ठेवली, तो आगीचा बंबच तेवढा यादीतून गळालेला असतो.

वास्तविक या भूमीचा जन्मच मुळी बंबासाठी झालेला असतो. २०१६ सालच्या राष्ट्रीय इमारत संहितेचा चौथा भाग अग्निसुरक्षा व जीवरक्षण या विषयांस वाहिलेला असून, उंच इमारतीभोवतीचा ६ मीटर रुंदीचा पट्टा बंबाच्या संचारासाठी निर्वेध असावा, त्या पट्ट्याची जमीन ४५ टन वजनाचा बंब सोसण्याइतकी भक्कम असावी, वळणाची त्रिज्या ९ मीटर असावी, आवारात शिरण्याचे मुख्य द्वार ६ मीटरांहून अरुंद नसावे, त्या द्वारावर बांधकाम केलेच तर त्याखाली निदान ४.५ मीटर उंचीची मोकळीक असावी, आणि फाटकाची दारे उघडली असता ती कुंपणाच्या भिंतीस पाठ टेकून उभी राहावीत, म्हणजे आतील वाट अडणार नाही, इतका बारीक विचार तिच्या कर्त्यांनी करून ठेवला आहे. फाटकाच्या दाराने उघडल्यावर कोठे उभे राहावे इथपर्यंत ज्यांची दृष्टी पोहोचली, त्यांच्या दूरदृष्टीविषयी शंका घेण्याचे धार्ष्ट्य कोण करील? परंतु फाटकाच्या दारामागे वॉचमनची खुर्ची असते, खुर्चीपुढे टेबल असते, टेबलावर येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंदवही आणि टेबलाखाली चहाची किटली असते, आणि दोन दारांपैकी एकाचा खालचा अडसर इमारतीचा ताबा मिळाल्या दिवसापासून जमिनीत गंजून घट्ट बसलेला असतो, ही माहिती त्या विद्वानांस कोणी पुरवलेली दिसत नाही. कमानीविषयी तर बोलावयासच नको. संस्थेचे नाव, स्थापनेचे वर्ष, नोंदणी क्रमांक आणि देणगीदाराचे नाव एवढा मजकूर पायी जाणाऱ्या माणसास मान वर न करता वाचता आला पाहिजे, या एकाच तत्त्वावर तिची उंची ठरलेली असते.

‘पण बंब तो असा असतो केवढा?’ ही शंका प्रत्येक संस्थेत एकदा तरी उपस्थित होतेच. ती उपस्थित करणारे गृहस्थ बहुधा कोणत्यातरी सरकारी कचेरीतून अव्वल कारकून म्हणून निवृत्त झालेले असतात आणि त्यांच्यापाशी स्वतःची पोलादी टेप असते. बंबाची रुंदी अडीच मीटरांच्या आसपास भरते, ही बाब त्यांनी कोठेतरी उभ्या असलेल्या बंबापाशी जाऊन जातीने पडताळून पाहिलेली असते. सबब सहातून अडीच वजा जाता बाकी राहणारी साडेतीन मीटर जमीन सरकारने विनाकारण गुंतवून ठेवली आहे, आणि तीत एक मोटार व एक स्कूटर यांचा समावेश सुखेनैव होऊ शकतो, असे त्यांचे म्हणणे ते तारीखवार टिपणांसह सभेपुढे मांडतात. वजाबाकी बिनचूक असल्यामुळे सभेस क्षणभर काही सुचत नाही.

या वजाबाकीत राहून जाते ते एवढेच, की बंब आवारात येतो तो तेथे काही काम करण्यासाठी. त्याच्या कुशीतील कप्प्यांची दारे उघडावी लागतात, जवानांस दोन्ही अंगांनी नळ्या घेऊन धावावे लागते, पहिल्या बंबातील पाणी संपत आले म्हणजे दुसऱ्यास त्याच्या शेजारून पुढे जावे लागते. आणि शिडीचे वाहन तर आपले लोखंडी पाय दोन्ही बाजूंस पसरून जमिनीत घट्ट रोवल्याखेरीज शिडीचा एक हातही वर नेऊ शकत नाही. मुंबईच्या अग्निशमन दलापाशी ९० मीटर उंचीपर्यंत पोहोचणारी शिडी आहे. पण ती कितीही उंच जात असली तरी तिची सुरुवात जमिनीपासूनच होते, आणि त्या जमिनीवर जर बाराव्या मजल्यावरील सद्गृहस्थांची मोटार उभी असेल, तर बाराव्या मजल्यावरून खाली येण्याचा त्यांचा मार्ग त्यांनी स्वतःच अडवून ठेवलेला असतो. बंब कोपऱ्यावरच अडला म्हणजे तेथून पंधरा-पंधरा मीटरांच्या नळ्या एकीस एक जोडीत यावे लागते. आणि इमारतीच्या भिंतीशी, बंबाचे पाणी वरच्या मजल्यांवर चढवण्यासाठी जी लाल रंगाची तोंडे बसवलेली असतात, तेथवर पोहोचल्यावर जवानांस असे आढळून येते की, त्या तोंडांस टेकून कोणीतरी सायकल उभी केली आहे आणि ती चोरीस जाऊ नये म्हणून साखळीने त्यांनाच बांधून ठेवली आहे.

या भूमीवरील कब्जा कोणी दांडगाईने घेतो असा मात्र कोणाचा समज होऊ नये. तो अत्यंत विनयपूर्वक, आणि केवळ ‘पाच मिनिटांसाठी’ घेतला जातो. प्रथम एक स्कूटर सामान उतरवण्यापुरती तेथे थांबते. पुढे एका पावसाळी रात्री ती तेथेच मुक्काम करते, कारण एवढ्या पावसात तिला हलवणे माणुसकीस धरून नसते. मग यथावकाश तिच्यावर एक मेणकापडी आच्छादन चढते, आणि आच्छादन चढलेले वाहन हे आपल्याकडे प्रवासी राहत नाही, रहिवासी होते. त्यानंतर मागच्या भिंतीवर सदनिकेचा क्रमांक रंगवला जातो, तोही स्वतःच्या खर्चाने, म्हणजे त्याविषयी संस्थेस तक्रारीस जागा राहू नये. अखेरीस ती सदनिका विकावयाची वेळ येते तेव्हा दलाल गिऱ्हाइकास गॅलरीतून खाली बोट करून ‘पार्किंगसह’ असे ठासून सांगतो, आणि राष्ट्रीय संहितेने बंबासाठी राखलेली जमीन दोन पंचांसमक्ष नव्या मालकाच्या पदरात पडते. कायद्यात काहीही लिहिलेले असो, वहिवाट सिद्ध झाली की प्रश्न मिटला, ही आमची पेशवाईपासूनची धारणा आहे. आणि ज्याला हरकत घ्यावयाची त्याने मुदतीत घ्यावी, हेही तितकेच जुने. बंबाने मुदतीत हरकत घेतलेली नसते.

वाहने तरी एक वेळ हलवता येतात. परंतु ज्या अडथळ्यांस पावित्र्याचे किंवा कृतज्ञतेचे अधिष्ठान आहे त्यांना हात कोणी लावावा? तळमजल्यावरील आजींची तुळस खिडकीच्या कठड्यावर ऊन पोहोचत नाही म्हणून आवारात दोन हात पुढे येते, तिच्यामागून कढीलिंब येतो, गवती चहा येतो, जास्वंद येते, आणि वर्षभरात त्या कुंड्यांची अशी काही तटबंदी उभी राहते की, ती फोडण्याची भाषा करणारा कार्यकारिणीचा सभासद धर्मद्रोही आणि पर्यावरणद्रोही अशा दोन्ही आरोपांस एकाच वेळी पात्र ठरतो. कुंड्यांपुढे सिमेंटची दोन बाकडी असतात. पैकी एक नगरसेवकांच्या निधीतून आलेले असल्यामुळे त्यांच्या नावाची अक्षरे बसणाऱ्याच्या पाठीवर उमटण्याइतकी ठळक असतात, आणि दुसरे कोणा दिवंगत सभासदाच्या स्मरणार्थ त्यांच्या कुटुंबीयांनी अर्पण केलेले असते. पहिले हलवले तर पाण्याची जोडणी अडते आणि दुसरे हलवले तर मन दुखावते. त्याही पलीकडे कोणाच्या तरी स्वयंपाकघराच्या नूतनीकरणातून निघालेल्या राबिटाच्या गोण्या असतात, ज्यांचा मालक चौकशीअंती कधीच सापडत नाही. आणि त्यांच्याही पलीकडे, चारही चाके जमिनीत रुतलेली, धुळीवर मुलांनी बोटांनी नावे कोरलेली ती एक मोटार असते, जिचे मालक मुलाकडे परदेशी गेलेले असून ‘आल्यावर बघू’ असे त्यांचे दूरध्वनीवरील उत्तर इतिवृत्तात नमूद असते. भाद्रपदात या सर्वांच्या मधोमध गणपतीचा मांडव पडतो, तेव्हा कार्यकर्ते ‘बंबासाठी वाट ठेवा रे’ असे आवर्जून ओरडतात आणि तेवढी वाट खरोखरच ठेवतातही. फक्त आरतीच्या वेळी तीत खुर्च्या मांडल्या जातात.

एवढे सगळे झाल्यावर कधीतरी अग्निशमन दलाची नोटीस येते, आणि ती वाट नुसती मोकळी ठेवून भागणार नाही, रंगाने आखून तिची निशाणीही केली पाहिजे, असा ठराव मांडला जातो. रंगकामाची तीन दरपत्रके मागवली जातात, सर्वांत कमी दराचे मंजूर होते, रंग पिवळा असावा की लाल यावर दोन बैठका तहकूब होतात, आणि अखेर पिवळे पट्टे व लाल अक्षरे अशी तडजोड होऊन एका सकाळी रंगारी हजर होतो. वाहने हलवण्याची सूचना फलकावर लावलेली असते, पण फलकापुढे कोणाची तरी मोटार उभी असल्यामुळे ती वाचता आलेली नसते. रंगारी हा रोजंदारीचा माणूस. वाट पाहत बसणे त्यास परवडणारे नसते. तो प्रत्येक वाहनाच्या कडेकडेने, अतिशय निगुतीने, सगळी जमीन रंगवून काढतो आणि पैसे घेऊन जातो. संध्याकाळी वाहने हलली म्हणजे पिवळ्या जमिनीवर प्रत्येक मोटारीच्या आणि स्कूटरच्या आकाराचे बिनरंगी तुकडे स्पष्ट उठून दिसू लागतात, आणि संस्थेने अधिकृतपणे आखून दिलेली हीच ती आपली जागा, अशा समाधानाने दुसऱ्या दिवसापासून जो तो आपापल्या तुकड्यावर नेमका येऊन उभा राहतो.

फलकाचे साहित्य हा याच प्रकरणाचा दुसरा अध्याय होय. ‘अग्निशमन वाहनासाठी राखीव. येथे वाहन उभे केल्यास हवा सोडण्यात येईल. हुकुमावरून.’ हा मजकूर महाराष्ट्रातील असंख्य भिंतींनी अंगावर मिरवला आहे. हुकूम कोणाचा, हे त्यात सांगितलेले नसते, आणि तेच त्याचे सामर्थ्य. नाव घातले असते तर त्या नावाच्या माणसाची कोणीही भीड ठेवली नसती. परंतु शिक्षेचा विचार अधिक खोलात जाऊन केला तर बुद्धी कुंठित होते. ज्या वाहनाने बंबाची वाट अडवली आहे त्याच्या चाकांतील हवा सोडून दिल्यावर ते वाहन मनात आणले तरी तेथून हलू शकणार नाही, म्हणजेच अपराध तात्पुरता होता तो शिक्षेने कायम होतो.

अमेरिकेत या बाबतीत कसे आहे, ही माहिती आपल्या सभांत आपोआपच मिळते, कारण प्रत्येक संस्थेत निदान एका सभासदाचा मुलगा तेथे असतो आणि दिवाळीत येतो. तेथील बहुसंख्य नगरांत चालणाऱ्या अग्निसंहितेप्रमाणे बंबाच्या वाटेची रुंदी २० फूट आणि उंचीची मोकळीक १३ फूट ६ इंच असावी लागते. म्हणजे त्यांचे वीस फूट आणि आपले सहा मीटर यांत हातभराचेही अंतर नाही, हे ऐकून सभेस धन्यता वाटते. न्यूयॉर्क शहरात तर आगीच्या नळापासून १५ फुटांच्या आत मोटार उभी करण्यास मनाई असून, ते पंधरा फूट तेथे रंगाने आखून दिलेले नसतात. ज्याने त्याने ते नजरेने मोजावयाचे. अंदाज चुकला तर जबर दंड, आणि नेमकी त्याच वेळी आग लागली तर नळी थेट नेण्यासाठी जवान मोटारीच्या दोन्ही बाजूंच्या काचा फोडून ती आतून ओवून नेण्यासही कमी करीत नाहीत. हे सारे चिरंजीव मोठ्या रसाळपणे सांगतात, ‘तिकडे कायदा म्हणजे कायदा’ असा समारोप करतात, सभा हळहळते. आणि सभा संपल्यावर ते खाली उतरून, बंबाच्या वाटेत उभी करून ठेवलेली भाड्याची मोटार चालू करून निघून जातात. तेही खोटे बोलत नव्हते. माणूस तोच असतो; पंधरा फूट नजरेने मोजण्याची त्याची शक्ती मात्र विमानतळावर उतरताच क्षीण होते.

आपल्याकडे कायदा नाही असे म्हणण्याची सोय नाही. महाराष्ट्र आग प्रतिबंधक व जीवसंरक्षक उपाययोजना अधिनियम २००६ सालचा आहे. त्यान्वये इमारतीच्या मालकाने वा भोगवटादाराने, आपली अग्निसुरक्षेची व्यवस्था सुस्थितीत असल्याचे परवानाधारक अभिकरणाचे प्रमाणपत्र वर्षातून दोनदा, जानेवारीत आणि जुलैत, सादर करावयाचे असते. आणि कसूर करणाऱ्याची वीज व पाणी तोडण्यापर्यंतचे अधिकार या कायद्यात आहेत. प्रमाणपत्र सादर होते, दफ्तरी दाखल होते, त्यावर शेरा पडतो, आणि कागदावरील इमारत अशा रीतीने सुरक्षित होते. मोटार वाहन कायद्यासही २०१९ साली कलम १९४-ई जोडले गेले असून, मागून येणाऱ्या बंबास वा रुग्णवाहिकेस बाजूस सरून वाट न देणाऱ्या चालकास दहा हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्हीही होऊ शकतात. आमच्या अव्वल कारकुनांनी हे कलम बारकाईने वाचले आहे. ते चालत्या वाहनाच्या चालकाविषयी आहे, उभ्या वाहनाविषयी नाही, असा त्यांचा अभिप्राय असून, हलावयाचेच नाही असा ज्याने निर्धार केला आहे त्याच्यापुढे हे कलम हतबल आहे, हे ते एका कायदेपंडिताच्या समाधानाने सांगतात.

एप्रिल महिना मात्र या साऱ्यास थोडासा अपवाद होय. १४ एप्रिल १९४४ रोजी मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत, कापसाच्या गाठी आणि स्फोटके एकत्र वाहून आणलेल्या ‘फोर्ट स्टिकीन’ या बोटीस आग लागून जे प्रचंड स्फोट झाले, त्यांत आग विझवण्यासाठी धावून गेलेले ६६ अग्निशामक जवान मृत्यू पावले. त्यांच्या स्मरणार्थ हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो आणि पुढचा आठवडा लोकशिक्षणास दिला जातो. या आठवड्यात एखाद्या संस्थेत सराव ठरतो. त्याची तारीख आणि वेळ आधी कळवलेली असते, त्यामुळे त्या सकाळी आवार असे काही स्वच्छ होते की, जुन्या सभासदांस इमारतीचा ताबा घेतला तो दिवस आठवावा. कुंड्या गच्चीवर जातात, खुर्च्या घरात जातात, रुतलेली मोटारही चार जण मिळून ढकलून रस्त्यावर नेतात. बंब येतो, वळतो, पाण्याची धार उडते, मुले टाळ्या पिटतात, अधिकारी समाधान व्यक्त करतात, चहा होतो. बंब फाटकाबाहेर पडतो न पडतो तोच परतीचा ओघ सुरू होतो. सराव यशस्वी झाला असे इतिवृत्तात लिहिले जाते. आणि तो झालाही असतो, कारण वाट मोकळी करण्यास पूर्ण सकाळ लागते एवढे त्यातून निर्विवाद सिद्ध होते. खरी आग एवढी नोटीस देत नाही.

यात आम्ही दुष्ट आहो असे मला मुळीच वाटत नाही. जो बंबाच्या वाटेत गाडी लावतो तोच आग लागल्यावर सर्वांत आधी बादली घेऊन धावतो, हे ज्याने चाळीत वा वाड्यात दिवस काढले आहेत त्यास सांगावयास नको. अडचण निराळीच आहे. पंगतीत न आलेल्या पाहुण्याचे पान मांडून ठेवण्याची रीत आम्हांस ठाऊक आहे, परंतु तो पाहुणा यावा अशी तेथे इच्छा असते. जो कधीच येऊ नये म्हणून आपण देवापुढे हात जोडतो, त्याच्यासाठी वर्षानुवर्षे जागा अडवून ठेवणे मनास अशुभही वाटते आणि उधळपट्टीचेही. शिवाय बंबाच्या अंगी शेजाऱ्याचा एकही गुण नाही. दुसऱ्याच्या जागेत आपण गाडी लावत नाही ती कायद्याच्या धाकाने नव्हे, तर ज्याची जागा तो गंजिफ्रॉकवर खाली उतरून चार लोकांत आपल्या कुळाचा उद्धार करील या धास्तीने. बंब कधी खाली उतरून भांडत नाही, चेअरमनांकडे तक्रार करीत नाही, वार्षिक सभेत उठून बोलत नाही. जो भांडत नाही त्याच्या मालकीवर आमचा विश्वास बसत नाही. आपल्या अनेक शहरांनी यावर उपाय म्हणून अरुंद वस्त्यांसाठी लहान बंब आणि पाण्याची टाकी बसवलेल्या मोटारसायकली घेतल्या आहेत. वाट रुंद होईना तेव्हा बंबानेच अंग चोरून घेतले. पण हा समंजसपणाच त्यास भोवणार आहे. उद्या त्या मोटारसायकलीपुरती जागा शिल्लक ठेवून बाकीची वाटून घेतली जाईल.

म्हणून माझी अशी नम्र सूचना आहे की, बंबास कायद्याच्या भरवशावर न सोडता संस्थेचा सभासदच करून घ्यावे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियमात नाममात्र सभासदाची तरतूद आहेच. त्यास रीतसर प्रवेश द्यावा, ६ मीटरांचा पट्टा त्याच्या नावे करून तसा दाखला द्यावा, त्याचे स्टिकर काढावे, दरमहा पार्किंगचे बिल फाडावे, ते थकल्यास फलकावर थकबाकीदारांत त्याचे नावही लावावे. कारण ज्याची थकबाकी निघते तो खरा मालक, याविषयी कोणाच्या मनात संदेह राहत नाही. आणि तो स्वतः भांडू शकत नाही ही उणीव भरून काढण्यासाठी आमच्या निवृत्त अव्वल कारकुनांस त्याचे मुखत्यारपत्र द्यावे. पोलादी टेप त्यांच्यापाशी आहेच, रिकामा वेळही आहे, आणि एकदा दुसऱ्याच्या जागेचा अभिमान त्यांनी अंगीकारला की, तीत एखादी सायकल शिरवण्याची कोणाची छाती होणार नाही.

३० सप्टेंबरपूर्वी होणाऱ्या वार्षिक सर्वसाधारण सभेत हा ठराव आला तर तो टाळ्यांच्या गजरात संमत होईल, याविषयी मला शंका नाही. मला भय आहे ते त्यापाठोपाठ येणाऱ्या उपसूचनेचे: ‘सदर नाममात्र सभासद प्रत्यक्ष हजर होईपर्यंत सदर जागा पाहुण्यांच्या वाहनांसाठी वापरण्यास हरकत नसावी.’ ती एकमताने मंजूर होईल, आणि इतिवृत्तात तिच्याखाली सूचक म्हणून सही असेल बंबाच्या मुखत्यारांची.